थंडोमट

सुपानं पाठवलेला शब्द त्याच्या घरचा होता. सकाळची वेळ. खुर्चीची उंची अजून मनासारखी लावून झाली नव्हती, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं घसा खाकरणं अजून संपलं नव्हतं, आणि पडद्यावर पिवळ्या चौकटीत तो शब्द येऊन बसला होता. थंडोमट. खाली सुपानं आपल्या नेहमीच्या सोज्ज्वळ भाषेत विचारलं होतं : हा शब्द ओळखीचा नाही. 'थंड' हवं आहे की 'कोमट'? सवयीनं त्याचं बोट 'थंड'वर गेलंही होतं. मग जेवताना दाताखाली कचकन खडा यावा आणि माणसानं तोंड हलवायचंच थांबवावं, तसा तो थांबला.

सूप म्हणजे कंपनीचा माल. त्याचं खरं नाव इंग्रजीत होतं, लांबलचक, दाराजवळच्या काचेवर निळ्या अक्षरांत चिकटवलेलं. पण त्यानं पहिल्याच आठवड्यात त्याला सूप म्हटलं होतं, आणि जन्मात त्यानं केलेला तेवढा एकच विनोद ऑफिसात टिकला. लोक दुकानांच्या साइटवर वस्तू घेतात, मग त्या वस्तूबद्दल चार ओळी खरडतात. त्या ओळी आधी सुपात पडतात. शिव्या, फोन नंबर, शेजाऱ्यांची उणीदुणी, घरची रडगाणी हे सगळं सूप पाखडून टाकतं आणि उरलेलं गुळगुळीत करून साइटवर चढवतं. जे सुपाला कळत नाही ते माणसाच्या हाताखाली येतं. काढून टाकलेल्या वाक्यांना ऑफिसात खडे म्हणत. सूप आणि खडे हे दोन्ही शब्द त्याच्या घरीही पोचले होते. "आज किती खडे?" असं जाता येता एकमेकांना विचारत, आणि ज्याचे जास्त निघाले असतील तो उगाचच छाती फुगवून सांगे. त्याचे बहुधा सगळ्यांत जास्त असत. घरगुती वस्तू त्याच्याकडे होत्या, आणि घरगुती वस्तूंबद्दल लिहिणाऱ्या माणसांइतकी बडबडी जात त्यानं दुसरी पाहिली नव्हती. चमचा घेतला की यांना मत फुटतं. एका बाईनं इस्त्रीबद्दल लिहिता लिहिता सासूचा उद्धार केला होता, तोही वाफेच्या भोकांपासून सुरुवात करून. एका गृहस्थानं खुर्चीला एकच तारा दिला, कारण ती पोचवायला आलेल्या माणसानं त्याला 'आजोबा' म्हटलं होतं. अरे, मग तू कोण आहेस? बाळ? तो असं मनात म्हणे आणि वाक्य उडवी. 'विषयाला सोडून' असा एक शिक्का होता, तो त्याचा आवडता. माणूस विषयाला धरून जास्तीत जास्त दीड वाक्य बोलू शकतो, पुढचं सगळं तो स्वतःबद्दल बोलतो, हे त्याचं इतक्या वर्षांचं ज्ञान होतं. नव्यानं आलेल्यांना तो शिकवीत असे : "हे बघा, ग्राहक आपल्याशी बोलत नसतो. तो वस्तूशी बोलत असतो. तेव्हा मधे पडायचं नाही." जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. तो जात्यातही नव्हता आणि सुपातही नव्हता. सूप हातात धरणाऱ्याला ना रडू येतं ना हसू, फक्त खांदे दुखतात.

पण हा शब्द. हा शब्द कुठल्या कोशात नव्हता, कुठल्या गावात नव्हता. लेक लहान असताना कपात बोट बुडवून म्हणाली होती, "थंड नाहीये आणि कोमट पण नाहीये. थंडोमट आहे." बायको इतकी हसली होती की तिला ठसका लागला. मग तो शब्द घरात राहिला. थंडोमट चहा, थंडोमट पाणी, पुढं पुढं थंडोमट पाहुणे, थंडोमट लग्न, आणि एकदा नातेवाइकांकडून परतताना रिक्षात बायको त्याच्याबद्दलच म्हणाली होती, "तुम्ही चिडत नाही, हसत नाही. थंडोमट माणूस." तेव्हा ते त्याला कौतुकासारखं वाटलं होतं. लेक शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी गेली. शब्द उंबऱ्याबाहेर कधी गेला नाही. आणि आता तो इथं, पिवळ्या चौकटीत. त्यानं मजकूर पहिल्यापासून वाचला.

'थर्मास चांगला आहे. चहा बराच वेळ गरम राहील असं खोक्यावर लिहिलं आहे, आणि राहतो. आमच्याकडे चहा नेहमी थंडोमट व्हायचा आणि मला पुन्हा उठावं लागायचं, ते आता वाचलं. आज दुपारी निघताना भरून ठेवणार आहे. झाकण घट्ट आहे. त्यांना पहिल्यांदा उघडणार नाही, पण शिकतील.' पाच तारे. लिहिणाऱ्या ग्राहकानं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'घरचीच'.

आज दुपारी निघताना. कुठं निघताना? सकाळी तो निघाला तेव्हा ती गच्चीत कपडे वाळत घालत होती, तिच्या दातांत चिमटा होता, आणि त्यानं "येतो" म्हटल्यावर चिमट्यामागून तिनं काहीतरी म्हटलं होतं. काय म्हटलं होतं? त्याच्या कानांत तेव्हा ते काळे बोंडुले होते, बाहेरचा आवाज बंद करणारे. गेली काही वर्षं तो घरीसुद्धा काम आणत असे. संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी, आतल्या खोलीत दार लोटून, कान बुजवून, जगाची भांडीकुंडी वाचत बसलेला. ती चहा आणून ठेवी. तो मान हलवी. चहा निवे. मग काही वेळानं ती पुन्हा दारात येई, कपाकडे बघे, "झाला ना थंडोमट?" म्हणे, कप उचलून नेई, गरम करून पुन्हा आणी. या वेळी ती जरा थांबे. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, तो पहिला घोट घेईपर्यंत. बास, तेवढंच. आणि खरी गोष्ट अशी होती, जी त्यानं कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीट शब्दांत सांगितली नव्हती, की तो चहा मुद्दाम निवू देई. कामात गढला म्हणून नव्हे. ती दुसऱ्यांदा यावी म्हणून. पहिल्या वेळी ती चहा ठेवायला येई. दुसऱ्या वेळी ती त्याच्यासाठी येई. कानातला बोंडुला एका बाजूनं हळूच सैल करून तो तिच्या बांगड्या ऐके. हसू येईल असा प्रकार. कोणी ग्राहकानं असलं काही लिहिलं असतं तर त्यानं ते एका क्षणात उडवलं असतं : वैयक्तिक, विषयाला सोडून. मग अलीकडं एके दिवशी टेबलावर थर्मास आला. स्टीलचा, बुटका, आपल्या पोटात काय आहे ते कुणाला कळू न देणारा. तेव्हापासून ती एकदाच येते. झाकण सैल करून थर्मास ठेवते आणि जाते. त्याला वाटलं होतं, कंटाळली. तिला वाटलं असेल, बरं झालं, यांचा त्रास वाचवला. नवरा-बायकोत एका थर्मासवरून एवढा गैरसमज होऊ शकतो, हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

त्यानं 'घरचीच' या नावावर टिचकी मारली. सूप काही विसरत नाही. कुणी काय लिहिलं, त्यातलं काय काढलं, कुणी काढलं, सगळं राखून ठेवतं, आणि काढलेलं वाक्य तांबड्या रेघेखाली जसंच्या तसं दिसतं. ती बरंच लिहीत होती तर. आवाज बंद करणाऱ्या बोंडुल्यांबद्दल लिहिलं होतं : 'उत्तम काम करतात. आवाज खरंच बंद होतो.' आणि तांबड्या रेघेखाली, 'दारातून हाक मारली तरी ऐकू जात नाही, म्हणून आता मारत नाही.' काढणाऱ्याची खूण त्याची. गादीबद्दल : 'मऊ आहे, पाठ दुखत नाही.' तांबड्या रेघेखाली, 'एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला कळत नाही असं जाहिरातीत म्हटलं आहे ते अगदी खरं आहे, रात्रभर रडलं तरी कळत नाही.' त्याची खूण. हे त्यानं वाचलं होतं? वाचलंच असणार. वाचल्याशिवाय उडवता येत नाही. त्याला तर ते अंधुक आठवतसुद्धा होतं, कारण शेजारच्याला त्यानं ते वाक्य वाचून दाखवलं होतं. "बघा, गादीपाशी रडतायत," असं तो म्हणाला होता, आणि दोघंही हसले होते.

कधीतरी जेवताना तिनं विचारलं होतं, "म्हणजे लोक भांडीकुंडी घेतात, त्यावर जे लिहितात, ते तुम्ही वाचता?"

"वाचावंच लागतं."

"सगळं?"

"शेवटच्या अक्षरापर्यंत."

"हं," ती म्हणाली होती आणि पोळीचा तुकडा मोडायचा थांबली होती. त्या 'हं'मध्ये काहीतरी ठरलं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. धन्य आहे. घरात बोललेलं याला ऐकू जात नाही, पण वस्तूबद्दल लिहिलेलं हा शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतो. मग वस्तूच घ्याव्यात. लागत नसलेल्या सुद्धा घ्याव्यात. त्याला वाटलं होतं बायकोला खरेदीचं खूळ लागलंय, वयानुसार लागतं. वाचायच्या दिव्याबद्दल तिनं लिहिलं होतं : 'उजेड डोळ्यांना लागत नाही.' आणि खाली, तांबड्या रेघेत, सगळ्यांत लांब खडा : 'लेकीच्या गावी शाळेच्या ग्रंथालयात जागा निघाली आहे, त्यांनी बोलावलं आहे, हो म्हणू का हे विचारायचं होतं. तुम्ही नको म्हणालात तर मी राहीन, पण म्हणायला तरी हवं.' विषयाला सोडून. त्याची खूण. आणि अगदी अलीकडची, चाकांच्या बॅगेबद्दलची : 'हलकी आहे. चाकांचा आवाज होत नाही.' खाली, 'म्हणजे घरातल्या माणसाच्या कामात व्यत्यय येणार नाही.' याही वेळी त्याचीच खूण.

वाचता वाचता जेवणाची वेळ होत आली होती. त्यानं फोन उचलला. पहिल्याच रिंगला तिनं घेतला, जणू हातातच होता.

"हं, बोला."

ऑफिसात एसी घरघरत होता. शेजारचा खाकरत होता. सांगायला काय नव्हतं? पण इतकी वर्षं फोनवर तो एवढंच बोलला होता : येताना काय आणू, आणि उशीर होईल.

"काही नाही," तो म्हणाला. "जेवलीस?"

"अजून नाही."

"बरं."

मग तिनं "ठेवते" म्हटलं आणि ठेवला. वा रे पठ्ठ्या, त्यानं स्वतःला म्हटलं. बायको घर सोडून निघालीय आणि हा विचारतो, जेवलीस का. लोकांना हसायला तू मोठा शहाणा. आणि त्याला कुणाकुणाचा राग येत गेला : पाच तारे देऊन निघून जाणाऱ्या तिचा, एवढं सगळं ठाऊक असून गप्प राहिलेल्या लेकीचा, खाकरणाऱ्याचा, आणि काचेच्या केबिनमधून टेहळणाऱ्या त्या पोरगेल्या साहेबाचा, ज्याला सगळे 'आभारी' म्हणत, कारण तो शिंकल्यावरसुद्धा आपला आभारी आहे असं म्हणेलसं वाटे. स्वतःचा राग सर्वांत शेवटी आला.

अभिप्रायाखाली उत्तराची एक चौकट असते, दुकानदारानं ग्राहकाला द्यायच्या उत्तराची. दुकानं आळशी, म्हणून बऱ्याचदा तीही इथूनच भरली जात. त्याला एकदम वाटलं, हीच वाट. ती तिकडून बोलली, आपण इकडून बोलावं. तोंडानं जमणार नाही; बोटांनी जमेल. त्यानं चौकट उघडली, आणि आश्चर्य म्हणजे त्याला लिहिता आलं. बांध फुटावा तसं लिहिता आलं. अगं, असं लिहून त्यानं सुरुवात केली. अगं, मी वाचलं ते सगळं, पण कुणाचं आहे ते बघितलं नाही. मी माणसं वाचतच नाही, वाक्यं वाचतो. मी गाढव आहे. चहा मी मुद्दाम निवू द्यायचो, तू पुन्हा यावीस म्हणून. तो थर्मास फेकून दे. ग्रंथालयाचं तू विचारलंस, तर माझं म्हणणं असं की जाऊ नकोस, आणि जायचंच असेल तर मला विचार, मीही येतो, मला इथं कोण आहे? आज दुपारी निघू नको. मी येतोय. लिहून होईपर्यंत त्याचे कान तापले होते. शेजाऱ्यानं वळून बघितलं. त्यानं पडदा खांद्यानं झाकला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण विषयाला धरून काहीतरी लिहिलं असं त्याला वाटलं, आणि पुन्हा वाचलं तर हात आखडेल या भीतीनं न वाचताच त्यानं ते धाडून दिलं.

सुपाचं चाक पडद्यावर गरगर फिरलं आणि थर्मासच्या चित्राखाली उत्तर उमटलं : 'आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा अवश्य या.'

तो बघतच राहिला. उत्तरांवर सूप शिष्टाचार चढवतं आणि तो बंद करता येत नाही, हे तो विसरला होता. आणि बंद करता येऊ नये असा हट्ट त्यानंच धरला होता. एका दुकानदारानं ग्राहकाच्या आईवरून शिवी हासडली होती, तेव्हा मीटिंगमध्ये टेबलावर बोट आपटून तो म्हणाला होता की माणसाच्या हाती मोकळी चौकट देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. करावं तसं भरावं, ते हे असं. त्यानं उत्तर मागे घ्यायचं बटण दाबलं. सुपानं कळवलं की ग्राहकानं उत्तर वाचलं आहे, वाचलेलं उत्तर मागे घेता येत नाही. तो उठला तेव्हा खुर्ची मागे कपाटावर आपटली. आभारी केबिनच्या दारात आला. "काय झालं? बरं नाही का? जा, जा, विश्रांती घ्या. कळवल्याबद्दल आभारी आहे." त्यानं काहीही कळवलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तो वाक्यं जुळवत होता. लिहिलं तसंच म्हणायचं. अगंपासून सुरू करायचं. चौकात दिवा लाल झाला, मग कुणाचा तरी ट्रक आडवा आला, आणि तो ड्रायव्हरच्या मानेकडे बघत पुटपुटत राहिला. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "माझ्याशी बोलताय का?" तो म्हणाला, नाही. पण आता घरी पोचेपर्यंत पुटपुटायचीही चोरी झाली.

दार उघडंच होतं. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती, बाहेर जायच्या कपड्यांत, पायात चपला. बॅग भिंतीशी. टेबलावर थर्मास, शेजारी त्याचा कप, उपडा. त्याला बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. तिनं फोन डोळ्यांपासून लांब धरला, चष्मा नसताना धरत असे तसा, आणि वाचलं. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा अवश्य या." मग फोन खाली ठेवला. "छान लिहिलंय."

"ते मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी?"

"म्हणजे लिहिलं मीच. पण सुपानं ते निवडलं. मी वेगळं लिहिलं होतं. पुष्कळ लिहिलं होतं."

तिचा चेहरा हलला. फारसा नाही, पण इतक्या वर्षांत त्याला जेवढा ओळखता येत होता तेवढ्यात ते कळलं. खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. "माझी गाडी आली," ती म्हणाली, पण बसूनच राहिली. "मग आता तोंडानं सांगा की. सूप तिकडं ऑफिसात आहे ना?"

सांगायचं होतं. सगळं होतं, ओठांपर्यंत होतं. अगं, मी गाढव आहे. हे स्वतःबद्दल झालं, उडवलं. जाऊ नकोस. यात हुकूम आहे, सूर बरा नाही. मला इथं कोण आहे. भीक मागितल्यासारखं, काढलं. चहा मी मुद्दाम निवू द्यायचो. हे वाक्य जिभेवर आलं, त्याची चवसुद्धा आली, आणि त्याच क्षणी त्याला ते दिसलं, पडद्यावर दिसावं तसं, आणि पन्नाशीच्या पुढचा माणूस असलं काही म्हणतोय याची त्याला अशी काही शिसारी आली की बोट हललं. त्याचं बोट खरोखरच हललं, पँटच्या शिवणीवर, टिचकी मारल्यासारखं. विषयाला सोडून.

"पोचलीस की कळव," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. बोलणाऱ्याचं वाक्य अजून संपलं नसावं म्हणून माणूस थांबतो, तशी थांबली. मग उठली, बॅगेचा दांडा ओढून वर केला, आणि दारात जाऊन चौकटीला खांदा टेकवला. अगदी तसाच.

"आणि खडे?" तिनं विचारलं. "मला निवडलेलं नको. जे काढलंत ते द्या."

खाली पुन्हा हॉर्न वाजला. त्यानं तोंड उघडलं, घसा खाकरला, ऑफिसातल्या त्या शेजाऱ्यासारखा, आणि पुन्हा खाकरला. ती तेवढा वेळ उभी होती. तो पहिला घोट घेईपर्यंत उभी राहायची, त्याहून जास्तच. मग तिनं मान हलवली, रागानं नाही, बाजारात भाव न जुळल्यावर हलवतात तशी, आणि म्हणाली, "चहा आहे. झाकण उलटं फिरवा, मग दाबा."

बॅगेच्या चाकांचा खरंच आवाज झाला नाही. जिन्याचं दार लागलेलंही त्याला कळलं नाही, आणि आज त्याच्या कानांत काही नव्हतं. तो बसला. झाकण पहिल्यांदा उघडलं नाही. उलटं फिरवून दाबल्यावर उघडलं, आणि चहा कपात पडला तेव्हा त्यातून वाफ येत होती. चांगला माल होता, बोलल्याप्रमाणे वागणारा. त्यानं कप समोर ठेवला आणि हात मांडीवर ठेवले. वाफ हळूहळू विरळ झाली, मग दिसेनाशी झाली, चहावर साय धरली. कडेला बोट लावून त्यानं बघितलं. झाला होता. मग तो दाराकडे तोंड करून बसून राहिला.